शिक्षक-विकास कार्यक्रम आणि पदोन्नतीची अट : एक चिकित्सा

प्रस्तावना :

'शिक्षक हा आजन्म विद्यार्थी असतो' हे विधान आपल्या महाविद्यालयांतून दर शिक्षकदिनी ऐकू येते. या विधानाला संस्थात्मक रूप देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर झाला. महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षकांना सेवाकाळात पुन्हा शिकण्याची संधी मिळावी, अध्यापनाच्या नव्या पद्धती व विषयातील नवे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचावे, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना राबविली. नवोदितांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी शिक्षकांसाठी उजळणी वर्ग हे या योजनेचे दोन आधारस्तंभ होत. याच काळात हे वर्ग 'करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम'शी, म्हणजेच ज्याला आपण व्यवहारात 'कॅस' अथवा 'स्थाननिश्चिती' म्हणतो त्या पदोन्नतीच्या व्यवस्थेशी, जोडले गेले.

या जोडणीला आता जवळजवळ चार दशके होत आली आहेत. या काळात केंद्रांची नावे बदलली, वर्गांचा कालावधी कमी झाला, माध्यम बदलले, गुणांकनाच्या पद्धती आल्या आणि गेल्या. मात्र 'प्रमाणपत्र असेल तरच पदोन्नती' हे सूत्र कायम राहिले. या सूत्राने शिक्षकांच्या शिकण्याचे नेमके काय केले, याचा विचार करणे आवश्यक वाटते. शिक्षक-विकास कार्यक्रमांचे लाभ सांगणारे लेखन विपुल आहे. प्रस्तुत लेख त्यांच्या उणिवांकडे लक्ष वेधू इच्छितो.

लेखाची उद्दिष्टे :

१) शिक्षक-विकास कार्यक्रम व पदोन्नती यांच्या संबंधाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) या संबंधातून निर्माण झालेल्या उणिवांची चिकित्सा करणे.
३) या व्यवस्थेच्या बाहेर राहिलेल्या शिक्षकांचा प्रश्न मांडणे.
४) काही व्यवहार्य उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमने आणि महाराष्ट्र शासनाचे संबंधित निर्णय यांचा आधार घेतला असून त्याला प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या सहभागाची जोड दिली आहे. लेखाची व्याप्ती प्रामुख्याने महाराष्ट्रातील अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांपुरती मर्यादित आहे. लेखकाचा अनुभव हा एका शिक्षकाचा अनुभव आहे, त्यावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढण्याचा दावा नाही.

पार्श्वभूमी :

आरंभीच्या योजनेनुसार उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा व उजळणी वर्ग तीन आठवड्यांचा होता. हे वर्ग निवासी स्वरूपाचे असत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती व छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील विद्यापीठांत अशी केंद्रे कार्यरत होती. पुढे या केंद्रांना मनुष्यबळ विकास केंद्रे असे नाव मिळाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये 'मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम' सुरू झाल्यानंतर ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली.

पदोन्नतीच्या दृष्टीने २०१० ची विनियमने हा महत्त्वाचा टप्पा होय. या विनियमनांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, म्हणजेच 'एपीआय', ही गुणांकनपद्धती आणली. शिक्षकाचे अध्यापन, त्याचे सहशैक्षणिक कार्य आणि त्याचे संशोधन यांना स्वतंत्र गुण देण्यात आले. २०१३ व २०१६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. १८ जुलै २०१८ च्या विनियमनांनी महाविद्यालयीन शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी ही गुणांकनपद्धती रद्द करून श्रेणीवर आधारित सुलभ पद्धती स्वीकारली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयाद्वारे सातव्या वेतन आयोगाबरोबर ही व्यवस्था लागू केली.

२०१८ च्या व्यवस्थेनुसार सहायक प्राध्यापकाला शैक्षणिक स्तर १० वरून ११ वर जाण्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि त्याखेरीज किमान एका आठवड्याचा एखादा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. त्याऐवजी ऑनलाईन मुक्त अभ्यासक्रम अर्थात 'मूक' किंवा ई-आशयनिर्मितीचाही पर्याय आहे. स्तर ११ वरून १२ वर जाताना दोन आठवड्यांच्या कार्यक्रमांसारख्या दोन बाबी, तर स्तर १२ वरून १३-अ वर, म्हणजे सहयोगी प्राध्यापकपदावर, जाताना अशी एक बाब आणि पीएच.डी. पदवी आवश्यक आहे. या स्तरांची प्रारंभिक मूळ वेतने अनुक्रमे ५७,७०० रुपये, ६८,९०० रुपये, ७९,८०० रुपये आणि १,३१,४०० रुपये इतकी आहेत. या आकड्यांकडे पाहिले म्हणजे एका प्रमाणपत्राचे शिक्षकाच्या संसारातील मोल किती आहे हे ध्यानात येते. त्यामुळे पुढील चिकित्सेत शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. व्यवस्था ज्याची मागणी करते तेच शिक्षक पुरवितो.

विवेचन :

१) शिकण्याऐवजी उपस्थितीचे मापन :

विकास कार्यक्रमाने शिक्षकात काही बदल घडावा ही अपेक्षा असते. हा बदल वर्गात दिसावयास हवा. परंतु पदोन्नतीच्या प्रस्तावात वर्गातील बदलाचा पुरावा कोठेही जोडावा लागत नाही. जोडावी लागते ती प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. छाननी समिती प्रमाणपत्रावरील दिनांक, दिवसांची संख्या व आयोजक संस्था पाहते. हे वर्ग करून आल्यावर शिक्षकाने आपल्या अध्यापनात काय निराळे केले, हा प्रश्न समितीने विचारावा अशी तरतूदच नाही. २०१८ च्या पद्धतीत अध्यापनाची श्रेणीदेखील नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती टक्के तासिका घेतल्या यावर ठरते : ८० टक्के वा अधिक असल्यास 'चांगले', ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असल्यास 'समाधानकारक'. म्हणजे शिकतानाही उपस्थिती आणि शिकवितानाही उपस्थिती, असे हे सूत्र आहे. उपस्थिती ही शिकण्याची पूर्वअट आहे हे मान्य. परंतु पूर्वअट पूर्ण झाली म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे समजणे हा तर्कदोष होय.

२०१० च्या गुणांकनात हा दोष अधिक ठळकपणे दिसत होता. त्यात दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला २० गुण होते, तर संदर्भीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाला १५ गुण. वर्षभर ग्रंथालयात बसून लिहिलेल्या निबंधापेक्षा चौदा दिवस सभागृहात बसणे अधिक मोलाचे ठरले. गुणांची ही तुलना आज इतिहासजमा झाली असली, तरी तिने शिक्षकांच्या एका पिढीला जी सवय लावली ती इतिहासजमा झालेली नाही.

२) वेळेच्या दडपणाखाली निवडलेला विषय :

उजळणी वर्ग हा शिक्षकाच्या विषयाची उजळणी करणारा असावा अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात पदोन्नतीचा दिनांक जवळ आला की शिक्षक विषय पाहत नाही, उपलब्ध जागा पाहतो. केंद्रांची क्षमता व शिक्षकांची संख्या यांत तफावत असल्यामुळे हे वर्ग पूर्ण करण्याची मुदत आयोगाला अनेकदा वाढवून द्यावी लागली, यावरून या दडपणाची कल्पना यावी. आपल्या विषयाचा वर्ग मिळाला नाही तर 'आंतरविद्याशाखीय' वर्ग घेतला जातो. आंतरविद्याशाखीयता ही ज्ञानक्षेत्रातील एक मूल्यवान दृष्टी आहे. तथापि पर्यावरण, लिंगभाव, माहिती तंत्रज्ञान, ताणतणाव व्यवस्थापन आणि बौद्धिक संपदा हक्क यांवर प्रत्येकी दीड तासाची व्याख्याने एकापाठोपाठ एक ऐकल्याने ती दृष्टी येत नाही. मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकविणारा शिक्षक अशा वर्गातून परततो तेव्हा त्याच्या टाचणवहीत भर पडते, पण त्या भरीचा महानुभाव गद्याच्या त्याच्या पुढच्या तासिकेशी संबंध नसतो.

भाषेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. ग्रामीण महाविद्यालयांतील बी.ए. व बी.कॉम.चे बहुसंख्य अध्यापन मराठीतून चालते, विद्यार्थी उत्तरे मराठीतून लिहितात. मात्र या वर्गांचे कामकाज बहुतांशी इंग्रजीतून व काही अंशी हिंदीतून होते. इंग्रजीतून मिळालेली संकल्पना मराठी माध्यमाच्या वर्गात कशी मांडावी, हा शिक्षकापुढचा खरा प्रश्न असतो आणि त्यावर या कार्यक्रमांतून क्वचितच चर्चा होते.

३) ऑनलाईन माध्यमाची दुधारी सोय :

निवासी वर्गांच्या अडचणी खऱ्या होत्या. लहान मुले असलेल्या शिक्षिकांना तीन-चार आठवडे घर सोडून राहणे अत्यंत कठीण जात असे. नंदुरबार, गडचिरोली वा सिंधुदुर्गातील शिक्षकाला केंद्रापर्यंतचा प्रवास हाच एक अडथळा होता. २०२० मधील टाळेबंदीनंतर हे वर्ग ऑनलाईन झाले आणि या दोन्ही गटांना दिलासा मिळाला. ही सोय नाकारणे अन्यायकारक ठरेल.

परंतु या सोयीने एक नवी अडचण आणली. टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयांनी वेबिनारांचे पीक काढले. व्याख्यान ऐकावे, शेवटी गूगल फॉर्मवरील प्रश्नमंजूषा सोडवावी, ईमेलवर प्रमाणपत्र घ्यावे, असा क्रम रूढ झाला. निवासी वर्गासाठी शिक्षक महाविद्यालयातून मोकळा होत असे. ऑनलाईन वर्गात तो कागदोपत्री कर्तव्यरजेवर असला तरी प्रत्यक्षात महाविद्यालयातच असतो. प्रस्तुत लेखकाने दोन आठवड्यांचा एक उजळणी वर्ग असा पूर्ण केला. त्यातील एका दुपारी प्रथम वर्षाचे विद्यार्थी अंतर्गत मूल्यमापनाच्या शंका घेऊन विभागात आले. त्यांना 'उद्या या' असे सांगावे लागले, कारण भ्रमणध्वनीवर 'विद्यार्थिकेंद्री अध्ययन' या विषयावरील व्याख्यान चालू होते आणि कोणत्याही क्षणी उपस्थितीची लिंक येणार होती. त्या विद्यार्थ्यांपैकी दोघे बाहेरगावाहून एस.टी.ने येणारे होते. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. पण शिक्षकाचा विकास आणि विद्यार्थ्याचे हित परस्परांच्या आड येऊ शकतात, हे लेखकाला त्या दिवशी प्रथम उमगले.

४) जे शिकले जाते त्याची नोंद होत नाही :

याउलट अनुभवही नोंदविला पाहिजे. प्रस्तुत लेखकाने २०१९ मध्ये निवासी उद्बोधन वर्ग केला. त्यातील बहुतेक व्याख्याने आज आठवत नाहीत. आठवतात त्या वसतिगृहातील रात्रीच्या गप्पा. खोलीतील सहनिवासी गडचिरोली जिल्ह्यात वाणिज्य शिकवीत. त्यांच्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा गोंडी होती. पाठ्यपुस्तकातील उदाहरण तसेच्या तसे सोडविण्याऐवजी ते विद्यार्थ्यांना आधी तो व्यवहार आपल्या शब्दांत सांगावयास लावीत. कोण देतो, कोण घेतो, वस्तू कोठून कोठे गेली, हे उलगडल्यावरच नावे व जमेच्या बाजू फळ्यावर येत. लेखकाने परतल्यावर हीच रीत कवितेच्या तासिकेत वापरून पाहिली : अर्थ सांगण्यापूर्वी कवितेत कोण कोणाशी बोलत आहे एवढेच विद्यार्थ्यांना त्यांच्या बोलीत सांगावयास लावले. मागच्या बाकांवरून प्रथमच आवाज आले. आजही लेखक तीच रीत वापरतो.

त्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर श्रेणी आहे, दिनांक आहे, स्वाक्षऱ्या आहेत. जे खरोखर शिकले गेले त्याचा तेथे उल्लेख नाही आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण ते वेळापत्रकाबाहेर घडले. निवासी वर्गातील सर्वांत फलदायी भाग अनौपचारिक होता. ऑनलाईन माध्यमात नेमका तोच भाग गळून पडला आणि औपचारिक भाग तेवढा शिल्लक राहिला. प्रमाणपत्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही वर्ग समान आहेत.

५) प्रकाशनाची सक्ती आणि नियतकालिकांचे पीक :

विकासाचा दुसरा मापदंड म्हणजे प्रकाशन. २०१० नंतर शोधनिबंधांना गुण मिळू लागल्यावर पैसे घेऊन कोणतेही लेखन छापणाऱ्या नियतकालिकांची वाढ झाली. तिला आळा घालण्यासाठी आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. परंतु मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निर्णयाची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर सोपविण्यात आली. आठ वर्षांत तीन भूमिका बदलल्या. यातून एक गोष्ट स्पष्ट होते : संख्येची मागणी कायम ठेवून केवळ याद्या बदलल्याने गुणवत्ता येत नाही. मागणी असेल तेथे पुरवठा उभा राहतो, हा अर्थशास्त्रातील साधा नियम आहे.

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत लेख ज्या प्रकारच्या नियतकालिकात प्रसिद्ध होत आहे, त्यांच्या वाढीमागेही हीच मागणी आहे आणि लेखकाच्या पदोन्नतीच्या प्रस्तावात या लेखाचीही प्रत जोडली जाईल. म्हणून ही चिकित्सा व्यवस्थेबाहेर उभे राहून केलेली नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

६) पात्रतेचे बदलते निकष :

करिअरचा विकास म्हणजे दीर्घ पल्ल्याचे नियोजन. ज्या शिडीवर चढावयाचे तिच्या पायऱ्या स्थिर असाव्यात ही त्याची किमान अट. एम.फिल. या पदवीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २००६ च्या दुरुस्तीने एम.फिल.धारकांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट मिळाली. जुलै २००९ च्या दुरुस्तीने ती सूट संपली. २०१८ च्या विनियमनांनुसार स्तर ११ साठी पीएच.डी.धारकाला चार वर्षे, एम.फिल.धारकाला पाच वर्षे व अन्य शिक्षकाला सहा वर्षे सेवा आवश्यक ठरली, म्हणजे एम.फिल.चे मोल एका वर्षाइतके राहिले. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमनांनी एम.फिल. अभ्यासक्रमच बंद केला. पूर्वी मिळविलेल्या पदव्या वैध आहेत. परंतु सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य असल्याने एम.फिल.धारकाची वाट स्तर १२ वर थांबते.

प्रस्तुत लेखक एम.फिल.धारक आहे, त्यामुळे ही तक्रार वैयक्तिक वाटण्याचा संभव आहे. मुद्दा तेवढ्यापुरता नाही. संशोधनाची पदवी उच्च पदासाठी अपेक्षित असणे गैर नाही. परंतु चार भिंतींतील अध्यापनात निष्णात असलेल्या शिक्षकासाठी या शिडीवर स्वतंत्र पायरी नाही. परिणामी ज्याचा ओढा संशोधनाकडे नाही त्यालाही प्रबंध लिहावा लागतो, आणि ज्याचा ओढा अध्यापनाकडे आहे त्याच्या अध्यापनाची दखल टक्केवारीपलीकडे घेतली जात नाही. यात संशोधनाचेही नुकसान आहे व अध्यापनाचेही.

७) व्यवस्थेबाहेरचे शिक्षक :

या साऱ्या चर्चेत एक मोठा वर्ग अनुल्लेखित राहतो, तो म्हणजे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा. प्राध्यापकांची रिक्त पदे दीर्घकाळ भरली न गेल्याने राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार हे शिक्षक वाहतात. त्यांची नेमणूक सत्रापुरती वा वर्षापुरती असते आणि मानधन तासिकांवर मिळते. त्यांच्यापैकी अनेक जण नेट, सेट वा पीएच.डी. उत्तीर्ण आहेत. मात्र पदोन्नतीची शिडी त्यांच्यासाठी नाही, म्हणून विकास कार्यक्रमाला येण्याचे व्यावहारिक कारणही त्यांना उरत नाही. वर्गाला जावे तर तासिका बुडतात, तासिका बुडाल्या तर मानधन बुडते. पुढे नियमित नेमणूक झालीच, तर पूर्वसेवा ग्राह्य धरण्यासाठी त्या काळातील एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे अशी अट आहे. तासिकेवर मानधन घेणारा शिक्षक ही अट पूर्ण करू शकत नाही.

विकास कार्यक्रमाचे प्रयोजन वर्गातील अध्यापन सुधारणे हे असेल, तर त्याची सर्वाधिक गरज जो शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर उभा आहे त्याला आहे. प्रयोजन केवळ वेतननिश्चिती हे असेल, तरच त्याला वगळणे सुसंगत ठरते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला बाहेर ठेवून आपल्या व्यवस्थेने आपले खरे प्रयोजन नकळत सांगून टाकले आहे, असे म्हणावे लागते. करिअरच नाकारलेल्या शिक्षकापुढे 'करिअर विकास' हा शब्द उच्चारताना संकोच वाटावयास हवा.

प्रतिवादाचा विचार :

यावर असे म्हटले जाईल की, सक्ती काढून घेतली तर कोणीही या वर्गांना जाणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पदोन्नतीशी जोडले गेल्यामुळेच असंख्य शिक्षक आपल्या महाविद्यालयाच्या आवाराबाहेर पडले, संगणक हाताळू लागले, अन्य विद्यापीठांतील सहकाऱ्यांना भेटले, हे नाकारता येत नाही. २०१८ च्या विनियमनांनी गुणांची मोजदाद थांबवून 'मूक' व ई-आशयनिर्मितीचे पर्याय दिले, हेही स्वागतार्ह पाऊल होते. म्हणून प्रस्तुत लेखकाचा आग्रह सक्ती रद्द करण्याचा नाही. प्रश्न सक्ती कशाची असावी हा आहे. आज सक्ती बसण्याची आहे. ती वर्गात काही करून पाहण्याची असू शकते.

दुसरा आक्षेप असा की, अध्यापनातील बदल मोजता येत नाही, प्रमाणपत्र मोजता येते, आणि मोजता येईल तेच निःपक्षपाती असते. निःपक्षपातीपणाची ही काळजी रास्त आहे. स्थानिक हेवेदावे व गटबाजी यांचा अनुभव आपणा सर्वांना आहे. तरीही जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्यात धोका आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचे आपण पूर्ण वस्तुनिष्ठतेशिवायही मूल्यमापन करतोच. शिक्षकाच्या कामाबाबत ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

उपाययोजना :

१) प्रमाणपत्र वर्ग संपताच न देता एका सत्रानंतर द्यावे. दरम्यान शिक्षकाने वर्गात केलेल्या एका बदलाची दोन-तीन पानी टिपणी, विद्यार्थ्यांच्या कामाच्या नमुन्यांसह, केंद्राकडे सादर करावी.

२) परिसरातील चार-पाच महाविद्यालयांच्या एकाच विषयाच्या शिक्षकांचे अभ्यासगट स्थापन करून परस्परांच्या तासिका पाहण्यास व त्यांवर चर्चा करण्यास विकास कार्यक्रमाचा दर्जा द्यावा. यासाठी प्रवास अल्प लागतो व स्वतंत्र निधीची फारशी गरज पडत नाही.

३) ऑनलाईन वर्गांच्या काळात शिक्षकाच्या तासिकांची पर्यायी व्यवस्था करणे महाविद्यालयावर बंधनकारक असावे आणि अशा वर्गांना किमान तीन दिवसांच्या प्रत्यक्ष भेटीची जोड द्यावी.

४) मराठी माध्यमातून शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी मराठीतून विषयनिष्ठ वर्ग घ्यावेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणामुळे कौशल्यवर्धन व भारतीय ज्ञानप्रणाली यांसारखे अभ्यासक्रम शिकवावे लागत आहेत. त्यांसाठी मराठी अध्ययनसाहित्याची निर्मिती हाच एक उत्तम उजळणी वर्ग ठरू शकेल.

५) तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना या वर्गांत प्रवेश द्यावा, वर्गाच्या काळातील मानधन सुरक्षित ठेवावे व त्यांनी पूर्ण केलेले वर्ग भावी नियमित सेवेत ग्राह्य धरावेत.

६) सातत्यपूर्ण व सिद्ध अध्यापनकौशल्याच्या आधारे वरच्या स्तरावर जाण्याचा स्वतंत्र मार्ग विनियमनांत असावा.

निष्कर्ष व समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शिक्षक-विकास कार्यक्रमांचा मूळ हेतू उदात्त असला तरी पदोन्नतीच्या अटीशी झालेल्या त्यांच्या यांत्रिक जोडणीने साधन हेच साध्य बनले. उपस्थितीला शिकण्याचे, प्रमाणपत्राला परिवर्तनाचे आणि संख्येला गुणवत्तेचे स्थान मिळाले. निकष वारंवार बदलल्याने शिक्षकाचे लक्ष विषयाऐवजी परिपत्रकांकडे वळले आणि ज्यांच्या खांद्यावर अध्यापनाचा मोठा भार आहे ते तासिका तत्त्वावरील शिक्षक या व्यवस्थेबाहेरच राहिले.

या उणिवा दूर करण्यासाठी नवी केंद्रे वा नवी नावे पुरेशी नाहीत. पदोन्नतीच्या प्रस्तावातील प्रत्येक कागदाने 'यामुळे वर्गात काय बदलले?' या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढी अपेक्षा आहे. एस.टी.ने आलेले ते दोन विद्यार्थी शंका घेऊन दुसऱ्या दिवशी आले नाहीत, याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. शिक्षकाच्या विकासाचा हिशेब मांडताना तीही नोंद घेतली जाईल, तेव्हाच हे कार्यक्रम आपल्या मूळ हेतूकडे परतले असे म्हणता येईल.